पुसलं की गेलं

"मॅडम, ह्याच्यात ते तुमचं सिलिकॉन नाही ना?" पुंजाकाकांनी बाटली उजेडाकडे धरून विचारलं.

मी हसले. "अहो काका, पाण्यातलं आहे ते. दुधासारखं पांढरं दिसतंय ना? लावायचं आणि पुसायचं. पुसलं की गेलं."

खंडेनवमीची सकाळ होती. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या रंगवून एका मोठ्या कंपनीला द्यायच्या, एवढंच काम. त्या दिवशी कन्व्हेयर बंद, ओव्हन थंड, आणि जो तो आपापलं यंत्र घासायला बसलेला. कुणी झेंडूच्या माळा ओवत होतं, कुणी पाने-पकडी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू लावत होतं. पुंजाराम आहेर म्हणजे रंगखात्यातला पहिला हात. त्यांनी फवाऱ्याची गन धरली की टाकीवर रंग असा बसायचा, की त्यात बघून भांग पाडावा. त्यांच्या पुढ्यात रंगाचा प्रेशर पॉट होता. ह्या झाकणाच्या स्टीलच्या पिंपातून रंग नळीने गनकडे जातो. रॉकेल आणि चिंध्या घेऊन ते तासभर त्याला घासत होते आणि पॉट काही उजळत नव्हता.

आणि पूजा माझ्या हातची होती. मी चारुशीला बोरसे, धुळ्याची, वय तेवीस, लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागून सात महिने झालेले. त्या शेडमध्ये आलेली पहिली बाई. पहिले दोन महिने मला बघून लोक गाणी म्हणायचे. मग पुंजाकाकांनीच एकदा सगळ्यांना झापलं, तेव्हा ती बंद झाली. यंदाची पूजा मॅडमनी करायची, ही टूमही त्यांचीच. मला काय, आभाळ ठेंगणं झालं. आपण पूजा करणार तो पॉट असा काळवंडलेला बरा दिसतो का, म्हणून मी लॅबच्या कपाटातून ती बाटली काढून दिली. रबराचे भाग पुरवणारा एक विक्रेता ती नमुना म्हणून ठेवून गेला होता. टायरला, रबराला चमक आणायचं पाणी.

काकांनी फडक्यावर चार थेंब घेतले आणि पॉटवरून हात फिरवला. पॉट लख्ख झाला. दुसऱ्या कोरड्या फडक्याने त्यांनी तो पुसला, पुन्हा पुसला, झाकणाच्या कडाही पुसल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पुढे याचा उपयोग झाला असता.

दुपारी पूजा झाली, नारळ फुटला. आमचे मॅनेजर दातारसाहेब पेढा खाता खाता काकांना म्हणाले, "पुंजाराम, दिवाळीला कायम होणाऱ्यांची यादी लागतेय. पहिलं नाव तुझं."

काकांनी फक्त खिशावर लटकलेला पिवळा पास उलटा केला. कंत्राटी माणसाचा पास पिवळा, कायम माणसाचा निळा. अकरा वर्षं ते गेटवर पिवळा दाखवून आत येत होते. मग मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या हाताला यश आहे."

सिलिकॉनची भानगड इथे सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा पदार्थ मूळचा वाळूचा नातलग. सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकाआड एक हात धरून लांबच लांब साखळी करतात, आणि त्या साखळीच्या अंगावर मिथाइलचे गट बसलेले असतात, तोंड बाहेर करून. ते कुणाशी म्हणून सलगी करत नाहीत. पाणी नको, डिंक नको, रंग नको. म्हणून तर तो इतका कामाचा. केकचा साचा त्याचा, तान्ह्या मुलाच्या बाटलीचं निपल त्याचं, खिडकीची फट बुजवायला तो, साखर कारखान्यात फेस मारायला तो, केस चमकवायला तो. खुद्द रंगातसुद्धा तो चिमूटभर असतो, रंग नीट पसरावा म्हणून सुधारून घेतलेला. पण रंगाच्या शेडमध्ये तो बाहेरून आला की घात. टाकीवर त्याचा इवलासा जरी कण असला, तरी ओला रंग तिथून मागे सरतो आणि मध्ये बारीक गोल खड्डा पडतो. खालचा पत्रा माशाच्या डोळ्यासारखा बघायला लागतो.

म्हणून दर सोमवारी मी सगळ्यांना उभं करून सांगायचे: केसांना क्रीम नाही, अत्तर नाही, हातांना मलम नाही. लोक त्याला मॅडमचं सोवळं म्हणायचे. ते सोवळं सगळ्यांत कडक कुणी पाळलं असेल तर पुंजाकाकांनी. थिनरने त्यांचे तळहात फुटून भेगा पडल्या होत्या. बायकोने आणलेली मलमाची डबी त्यांनी घरीसुद्धा उघडली नाही. "राहतं हो कुठंतरी," म्हणायचे. भेगांतून रक्त आलं तर वर चिकटपट्टी लावून गन धरायचे.

आणि अशा माणसाला मी ती बाटली दिली. बाटलीवर बारीक अक्षरांत 'सिलिकॉन इमल्शन' असं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. काकांनी विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणाले नव्हते, 'पाण्यातलं आहे' म्हणाले होते. पाण्यात मिसळतं म्हणजे पाण्याने जातं, असं मला खरंच वाटत होतं. उंटावरचं शहाणपण, दुसरं काय. बी.एस्सी.ला पहिला वर्ग होता माझा.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि सोमवारी लाइन सुरू झाली. दहा वाजता तपासणीच्या टेबलावरचा पोरगा टाकी घेऊन धावत लॅबमध्ये आला. काळ्या टाकीवर अकरा खड्डे. पुढच्या टाकीवर चौदा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तपासणीपाशी टाक्यांची रास लागली आणि दातारसाहेबांनी लाइन थांबवली. मोटरसायकल कंपनीचा माणूस संध्याकाळी येऊन तोंडावर बोलून गेला, की शुक्रवारपर्यंत कारण आणि कारणीभूत माणूस दोन्ही कागदावर द्या, नाहीतर टाक्या दुसरीकडून घेतो.

"बोरसे," दातारसाहेब मला म्हणाले, "तुमचं सोवळं मोडलंय कुणीतरी. शोधा."

मी शोधायला लागले, आणि अगदी मनापासून. आता हसू येतं, पण तेव्हा बाटलीची आठवणसुद्धा माझ्या डोक्यात नव्हती. हवेची नळी, हातमोजे, टाक्या पुसायची फडकी, लोकांच्या कपाटांच्या कड्या, अशा बारा ठिकाणांहून मी कापसाचे बोळे फिरवून आणले. प्रत्येक बोळा तेल विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये पिळून ते सॉल्व्हंट स्वच्छ पत्र्यावर टाकायचं, सुकू द्यायचं आणि वर रंगाचा हलका फवारा मारायचा. पुंजाकाका स्वतः गन धरून मला मदत करत होते. "सापडंल मॅडम," म्हणायचे. "आपल्यातलंच कुणी पोरगं असणार. समज देऊ, काढायला नको कुणाला."

बुधवारी दुपारी पत्रे वाळले. बारापैकी नऊ स्वच्छ. हातमोजे, फडकी आणि प्रेशर पॉटचं झाकण, या तिन्हींवर खड्ड्यांची चाळण. झाकणाचा पत्रा मी हातात घेतला आणि खंडेनवमीची बाटली आठवली. झाकणावरून मोज्यांना, मोज्यांवरून फडक्यांना, फडक्यांवरून टाक्यांना. सगळी फडकी एकाच पिंपात धुतली जायची, म्हणजे एकाचं सगळ्यांना.

काका तेव्हा जेवायला गेले होते. मी लॅबचं दार लावलं आणि कपाटातून ती बाटली काढली. एक थेंब पत्र्यावर टाकला आणि पाण्याने पुसला. साबणाने पुसला. सॉल्व्हंटने तीनदा पुसला, मग आणखी सातदा. मग फवारा मारला. खड्डे होते तसेच. मग पुस्तक उघडलं, जे आधी उघडायला हवं होतं. इमल्शन म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवलेले. पाणी उडून जातं, तेल तिथेच राहतं. फडक्याने पुसणं म्हणजे ते जास्त पातळ करून जास्त लांब पसरवणं. पुंजाकाकांनी जितकं मन लावून पुसलं, तितकं ते पसरलं.

मी बाटली टाकाऊ रसायनांच्या पिंपात ओतली, लेबल ओलं करून सोलून काढलं आणि बाटली फोडून काचेच्या कचऱ्यात टाकली. हे सगळं करताना हात अजिबात थरथरले नाहीत. मनात एकच येत होतं: वडील म्हणाले होते, मुलीची जात, कारखान्यात सहा महिने टिकणार नाहीस. सात महिने झाले होते.

जेवून आल्यावर काकांनी विचारलं, "मिळालं का काही?"

"पॉटच्या झाकणावर आहे, काका."

त्यांनी झाकणाकडे पाहिलं. "म्हणजे मीच," ते म्हणाले. बाटलीचं नाव मी काढलं नाही.

दोन दिवस होते माझ्याकडे. दातारसाहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत मी गुरुवारी दोनदा गेले. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा फोन नव्हता, तरी मी परत आले.

शुक्रवारी चौकशी. टेबलापलीकडे दातारसाहेब आणि पर्सोनेलचे काळोखेसाहेब, बाजूच्या खुर्चीत अहवाल घेऊन मी, आणि समोर उभे पुंजाकाका. कंत्राटी माणसाला चौकशीत खुर्ची देत नसत. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि हाताच्या चिकटपट्ट्या काढून आले होते.

"पॉटला काय लावलंस?" दातारसाहेबांनी विचारलं.

"पॉलिश लावलं, साहेब. खंडेनवमीला."

"कुणी दिलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी अहवालाची पानं चाळायला लागले. ते परत साहेबांकडे वळले. "होतं तिथं. मी घेतलं."

"अकरा वर्षं झाली तुला. इथे काय चालतं, काय चालत नाही, माहीत नाही?"

"माहितीये साहेब. मी पुसलं होतं. पुसायला कमी पडलो असंल. प्रसादाची घाई होती."

काळोखेसाहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "दातार, जुना माणूस आहे. त्याला वाटलं असेल पुसलं की जातं. वस्तूच तशी असेल तर त्याचा काय दोष? ताकीद देऊन सोडू." आणि ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही लॅबच्या. एकच सांगा. याने नीट पुसलं असतं, तर हे टळलं असतं का?"

साधा प्रश्न होता. याचं उत्तर त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. 'नाही' म्हणाले असते, तर पुढचा प्रश्न आला असता: मग ती वस्तू कुठली, कुठून आली, बघू.

"हो सर," मी म्हणाले. "नीट पुसलं असतं तर टळलं असतं."

काकांनी मान हलवली, मास्तरांनी वहीतली चूक दाखवल्यावर पोरं हलवतात तशी.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच पंच म्हणून बसला होता. मी अहवालावर सही केली: 'कामगाराचा निष्काळजीपणा.' तासाभरात त्यांचा पिवळा पास गेटवर जमा झाला. जाण्याआधी ते लॅबच्या दारात आले, आत आले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पूजा तुमच्या हातची होती. मनाला लावून घेऊ नका." आणि गेले.

ते वाक्य मी सोळा वर्षं उशाशी घेऊन झोपले. मी समजत होते की त्यांना सगळं कळलंय, आणि कळून त्यांनी मला वाचवलं. मला पोरीसारखं मानायचे म्हणून. या समजुतीवर माझं बरं चाललं होतं. त्यांचे उपकार मानायचे, देवळात गेलं की त्यांच्यासाठी हात जोडायचे, अधूनमधून रडायचं, की झालं. इकडे माझं सगळं मार्गी लागलं. त्या प्रकरणानंतर माझं सोवळं कारखान्याचा लेखी नियम झालं. पुढे मी दुसऱ्या कारखान्यांतही या विषयावर शिकवायला जाऊ लागले. 'एका कामगाराने पॉलिश लावलं आणि नीट पुसलं नाही,' ही गोष्ट मी दर वर्गात सांगायचे. नाव सांगत नसे, तेवढी सभ्यता होती माझ्यात.

असाच एकदा सिन्नरला वर्ग चालला होता. गोष्ट संपली तसा मागच्या बाकावरचा एक ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, हे आमच्या गावचे पुंजाबाबा सांगतात की. आहेरबाबा. शाळेत शिपाई होते."

"काय सांगतात?"

"हेच. नीट पुसलं नाही म्हणून अन्नाला मुकलो, म्हणतात. आम्हा पोरांना लई पिडतात, हे पूस, ते पूस."

मला वर्ग पुढे नेता आला नाही. डोकं दुखतंय म्हणून अर्ध्यावर सोडला आणि त्याच दुपारी त्या गावी गेले.

काका ओट्यावर बसले होते. साठी उलटलेली, केस पांढरे, पण मला लगेच ओळखलं. "मॅडम? या, या." त्यांनी आतून प्लास्टिकची खुर्ची आणली. ती स्वच्छच होती. तरी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने, मग पायांच्या खाचांत बोट घालून पुसलं. मी उभी होते. त्यांच्या पत्नी गिरजाबाई दारातून म्हणाल्या, "बसा हो मॅडम. त्यांचं असंच आहे. जेवायचं ताट पाचदा पुसतात. तुमच्या कारखान्यातनं आल्यापासून."

"गन कधी धरली का पुन्हा?" मी विचारलं.

"नाही. बोलावलं होतं दोघातिघांनी. पण हात कच्चा निघाला ना मॅडम. आपल्या पुसण्याचाच भरवसा नाही, तर दुसऱ्याचं नुकसान कशाला?" ते हसले. "तुम्ही सांगितलं होतं, पुसलं की गेलं म्हणून. मी तर दोनदा पुसलं होतं. पण राहिलंच कुठंतरी."

त्या क्षणी मला कळलं. त्यांनी मला वाचवलं नव्हतंच. वाचवायचं काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. चांगली वस्तू देणाऱ्या पोरीचं नाव कशाला मध्ये आणायचं, चूक तर आपल्या हाताची, एवढंच होतं त्यांच्या मनात. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, आणि चौकशीत मी तो विश्वास सहीशिक्क्यासह पक्का करून दिला होता.

गिरजाबाईंनी चहा आणून दिला. कप माझ्या हातात होता.

"काका," मी म्हणाले, "ते पुसून जाणारं नव्हतंच. दोनदा पुसा नाहीतर शंभरदा. त्यात सिलिकॉन होतं. तुमचा हात चुकला नव्हता."

गिरजाबाई दारातच थांबल्या. काकांनी स्वतःचे दोन्ही तळहात वर केले आणि त्यांच्याकडे पाहिलं. भेगांच्या खुणा अजून होत्या.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

खोटं बोलायची संधी मला अजून होती. नंतर कळलं, पुस्तकात वाचलं, परवाच कळलं, काहीही चाललं असतं.

"बुधवारी," मी म्हणाले. "तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा."

त्यांचे ओठ हलले, आठवड्याचे वार मोजल्यासारखे.

"चौकशी शुक्रवारी होती," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी मांडीवरचं फडकं उचललं, नीट चौघडी घातली आणि बाजूला ठेवून दिलं. मग माझ्याकडे न बघता आत हाक दिली.

"गिरजे, मॅडम निघाल्यात."

माझा चहा अजून तसाच होता.